पेशीच्या केसावरचं तेल

रस्त्यात पाणी साचलेलं दिसलं की माणूस साडी उचलून कडेने जातो. कांबळे मॅडम सरळ त्या पाण्यापाशी जाऊन उकिडव्या बसायच्या. खांद्यावरच्या पिशवीतून औषधाची रिकामी बाटली काढायच्या, जिथे शेवाळ धरलंय तिथलं पाणी हळूच भरून घ्यायच्या आणि बाटली उन्हात धरून बघायच्या. सेलूत आठवडी बाजार भरलेला असला तरी त्यांना फरक पडत नसे. लोक बघायचे, पोरं हसायची. मी बरोबर असले की मला लाजेने मेल्यासारखं व्हायचं. पदर पुढे ओढून मी जरा लांब जाऊन उभी राहायचे, जशी काही मी दुसऱ्याच कुणाची वाट बघतेय.

मॅडम कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. रिटायर झाल्या, पण शिकवणं सुटलं नाही. वांगी घेतानासुद्धा वांग्याला आतून कीड कशी लागते ते वांगीवालीला सांगायच्या आणि शेवटी विचारायच्या, "कळलं का?" वांगीवाली म्हणायची, "कळलं मॅडम. आता मला पास करा आन् पिशवी उघडा." मॅडमना हे फार आवडायचं. त्या आवाज न करता हसायच्या, नुसते खांदे हलायचे.

आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. एकटं माणूस. लग्न केलं नव्हतं. एका खोलीत पलंग आणि दुसऱ्या खोलीत चूल, गॅस, पुस्तकं, बाटल्या आणि टेबलावर टॉवेल झाकून ठेवलेलं सूक्ष्मदर्शक. एवढं शिकलेलं माणूस, पण त्यांना भाकरी थापता येत नव्हती. थापायला गेल्या की भाकरीला नकाशासारखे काठ यायचे. म्हणून सकाळी मी त्यांच्याकडे भाकरी करायला जायला लागले. माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. कुणी विचारलं की आत्या सांगायची, "शोभा शिवणकाम शिकायला जाती तिकडं." मराठ्याच्या घरची सून बौद्धांच्या घरी भाकरी थापते हे तिला सांगवत नव्हतं.

मॅडमना हे माहीत असावं. कधी आमच्या घरी यायची वेळ आली तर त्या स्वतःची पाण्याची स्टीलची बाटली घेऊन यायच्या. "मला सारखं पाणी लागतं, घसा कोरडा पडतो," म्हणायच्या. मला ते बरेच दिवस खरंच वाटलं. मग एकदा माझ्या लक्षात आलं, की त्यांच्या घरी त्या सकाळभर पाणी पीत नाहीत. आमच्याच उंबऱ्याच्या आत त्यांचा घसा कोरडा पडतो. कुणाला भांडं द्यावं लागू नये, कुणी अडचणीत येऊ नये, म्हणून तो घसा. पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा मी त्यांच्या हातातली बाटली घेतली, उरलेलं पाणी तुळशीत ओतलं आणि आमच्या माठातलं भरून दिलं. आत्या समोर बसून शेंगा फोडत होती. ती शेंगा फोडत राहिली. मॅडम पाणी प्यायल्या. माझ्या मात्र मनातून जाईना, की एवढ्या साध्या गोष्टीला मला इतके दिवस लागले.

मॅडमकडे मी जात राहिले त्याचं खरं कारण भाकरी हे नव्हतं. आत्या गावाला गेली होती आणि मला पूजाला बरोबर न्यावं लागलं, तिथून ते सुरू झालं.

पूजा माझी धाकटी. जन्मली तेव्हा उन्हातल्या कुत्र्यासारखा भराभरा श्वास घ्यायची आणि मधेच थांबायची. मान धरायला फार उशीर केला. डोळे थरथरायचे. चालायला लागली तीही भिंत धरून, पाय फाकवून. तिला काही बघायचं असलं की डोळे तिकडे जात नाहीत, ती सगळी मानच झटका देऊन तिकडे फेकते. गल्लीतल्या बाया तिला 'शोभाची येडी' म्हणायच्या, माझ्या मागे आणि कधी समोरही. मी तिला बाहेर नेताना पदराखाली घ्यायचे. परभणीच्या दवाखान्यात तिच्या मेंदूचा फोटो काढला. त्यात एक भाग दाढेसारखा दिसतो, असं डॉक्टर म्हणाले आणि लगेच विचारलं, "नात्यात लग्न झालंय का?" माझे मालक छाती फुगवून म्हणाले, "हो साहेब, घरातलंच हाय. मामाची पोरगी केली मी." मी फरशीकडे बघत बसले. डॉक्टर काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त लिहून घेतलं. ते न बोलणं मला जास्त लागलं.

त्या दिवशी मॅडमच्या घरी पूजाला एका कोपऱ्यात बसवून मी तिच्यासमोर उभी राहिले, म्हणजे ती दिसू नये. मॅडम म्हणाल्या, "बाजूला हो." मग खाली बसून तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांची एक सवय होती. कशाकडेही बघायचं तर पुष्कळ वेळ बघायचं आणि मगच तोंड उघडायचं. 'आधी बघू, मग बोलू' हे वाक्य त्यांच्या तोंडी सारखं असायचं. बघून झाल्यावर म्हणाल्या, "ही हुशार आहे. डोळे ऐकत नाहीत, तर मानेकडून काम करून घेते. काय नाव तुझं? पूजा? बरं का पूजाताई, मी शांता." बिचारी हा शब्द मी त्यांच्या तोंडून तिच्यासाठी कधीच ऐकला नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं तर त्या विचारायच्या, "तिने कुणाचं काय घेतलंय?"

पुढे दवाखान्याने लांब तपासायला पाठवलेल्या पूजाच्या रक्ताचा कागद आला. तो इंग्रजीत होता. मॅडमनी तो चुलीजवळ उभ्यानेच वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. थंडीचे दिवस होते.

"किती शिकलीस तू?"

"चौथी, मॅडम. मला काय कळंल त्यातलं."

"तुला कळलं नाही तर मला सांगता आलं नाही असं होईल. ये इकडे."

आधी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. त्या डबक्यातल्या पाण्याचा एक थेंब होता. आत चपलेच्या तळासारखं काहीतरी काचेसारखं पोहत होतं, सुळकन जायचं, आपटायचं, मागे फिरायचं. त्याच्या अंगाभोवती बारीक केसांची झालर सारखी लवलवत होती, वारा सुटल्यावर गव्हाचं रान लवतं तशी. मला बाजूला व्हावंसंच वाटेना. डबक्याजवळ मी किती वेळा पदर ओढून उभी राहिले होते, ते आठवून कानशिलं गरम झाली.

"पुस्तकात ह्याला पक्ष्माभिका म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "आपण केस म्हणू. ह्या जीवाला पुष्कळ केस आहेत, तो त्यांनी वल्ही मारतो. आपल्या अंगातल्या बहुतेक पेशींना असा एकेकच केस असतो आणि तो हलत नाही. पूर्वी आम्ही मुलांना शिकवायचो की हा एकटा केस बिनकामाचा आहे. पेपरात कुणी तसं लिहिलं की मी मार्क दिलेत. आता कळलंय की पेशीला बाहेरची खबर तोच देतो. डोळ्यात तोच, मूत्रपिंडात तोच. आणि बाळाचा मेंदू पोटात घडतो तेव्हा कुणी कुठे जायचं हे त्याच्यावाचून समजत नाही." मग म्हणाल्या, "त्या मार्कांची मला लाज वाटते."

मग त्यांनी स्टीलचं ताट घेतलं. एका बाजूला चमचाभर तूप ठेवलं, दुसऱ्या बाजूला करडईचं तेल, आणि ताट तिरपं केलं. तेल ओघळलं. तूप थिजून तिथेच बसलं.

"पेशीचं कातडं हे असल्याच गोष्टींचं असतं. स्निग्ध. दोन पदरी."

"तेलाचं कातडं कसं असंल मॅडम?"

"पाण्यावर तेल पसरतं, तसं पातळ. पण सगळीकडे एकच तेल नसतं. कुठे घट्ट, कुठे सैल, कुठे कोणत्या जातीचं, याचा नेम असतो. केसावरचं कातडं आणि पेशीचं कातडं सलग आहे, मधे शिवण नाही. तरी केसावरचं तेल वेगळं असावं लागतं. आता हे कसं साधतं?"

मला काय माहीत. मी ताटाकडे बघत होते.

"केसाच्या बुडाशी दार असतं. पेशीकडच्या त्या तेलाला एक जादा शेंडा असतो. दाराच्या आत एक खुडणारा बसलेला आहे. तो शेंडा खुडतो. खुडलेलं तेल केसाला चालतं."

हे मला पटकन कळलं. कपाशी वाढली की शेंडा खुडावा लागतो, नाहीतर झाड नुसतं उंच जातं आणि बोंडं धरत नाही. मी विचारलं, "आन् खुडायला कुणी आलंच न्हाई तर?"

मॅडमचा चेहरा असा उजळला, जसं काही कॉलेजातल्या पोराने विचारलं. "तेच. तर शेंड्यासकट तेल केसावर साचतं. त्या शेंड्याला धरून भलतेच पाहुणे आत शिरतात आणि ठाण मांडून बसतात. मग खबर जायची तशी जात नाही. पूजाताईकडे खुडणारा आहे, पण त्याचा हात चालत नाही."

"औषध?"

"आज नाही. तुला खोटं सांगणार नाही. मूत्रपिंड आणि डोळे दरवर्षी तपासायचे, चालायचा व्यायाम सोडायचा नाही."

मी रडले नाही. एवढी वर्षं मला वाटायचं, दिवस गेले असताना मी काही चुकीचं खाल्लं, ग्रहणात भाजी चिरली. आत्या तसंच म्हणायची. मॅडमनी सांगितलं की खुडणारे प्रत्येकाला दोन मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक अधू असला तरी दुसऱ्यावर निभतं. माझ्याकडे एक अधू, मालकांकडे एक अधू. आम्हा दोघांचा आजा एकच, त्याच्याकडून तो खाली उतरला असावा. पूजाच्या वाट्याला दोन्ही अधू आले. "यात तुझी चूक कुठे?" मॅडम म्हणाल्या. "सांग, बघू."

भाकरी करपली होती. त्यांनी ती तशीच हिरव्या मिरचीबरोबर खाल्ली.

इथपर्यंत सगळं आमच्या घरातलं होतं. पण माझा थोरला धनंजय मोबाइलच्या दुकानात कामाला लागला, आणि दिवाळीत दादाने, म्हणजे माझ्या भावाने, विषय काढला, "शोभा, यंदा उरकून टाकू." त्याची सोनाली आणि माझा धनंजय यांचं पाळण्यात असतानाच बोललं होतं. आमच्याकडे मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला मान. सोनाली बारावी झालेली, कामाला वाघीण, बोलायला गोड. दोघांनाही पसंत होतं. आणि मला रात्री ताटातलं ते तेल दिसायला लागलं.

मॅडम म्हणाल्या, "धनंजयकडे एक अधू असू शकतो. तुझ्या भावाकडे असू शकतो, मग सोनालीकडेही. दोघांकडे असला तर त्यांच्या लेकरांना धोका. नसला तर खुशाल करा. आधी बघू."

धनंजयने रक्त दिलं. त्याच्याकडे एक अधू निघाला. आता सोनालीचं बघायचं राहिलं. पण बहिणीने भावाच्या दारात जाऊन म्हणायचं कसं, की तुझ्या पोरीचं रक्त तपास, मग सून करते? माहेरात खोट काढणारी बहीण. माझी जीभ उचलेना. दोनदा फोन लावला आणि पाऊसपाण्याचं बोलून ठेवला. शेवटी मीच मॅडमना म्हणाले, तुम्ही चला, तुमच्या तोंडून बरं दिसेल.

माझं माहेर पाथरीजवळ. मी दादाला फोनवर एवढंच सांगितलं की कॉलेजच्या मॅडमला घेऊन येतेय, लग्नाचं बोलायचंय. आमच्याकडे अशी पद्धत आहे, की मुलाकडचे कुणीतरी शिकलेल्या, मान असलेल्या माणसाला पुढे घालून बोलणी पक्की करायला येतात. दादाला दुसरं काय वाटणार? आम्ही जीपमधून उतरून पोचलो, तर ओसरीवर सतरंजी अंथरलेली, भावकीतली माणसं फेटे बांधून बसलेली, ताटात नारळ आणि कुंकू. मॅडमना नारळाचा अर्थ कळला नाही. त्यांच्यात ही पद्धत नव्हती. त्यांना दिसली ती ओळीने बसून त्यांच्याकडे तोंड करून ऐकायला तयार असलेली माणसं.

आणि त्या शिकवायला लागल्या.

कोळशाचा तुकडा मागून घेऊन त्यांनी ओसरीच्या फरशीवर पेशी काढली, केस काढला, दार काढलं. शेंडा खुडायचं सांगितलं. माणसं माना हलवत होती, की बोलणी करायची ही शहरातली रीत असेल. मग त्या म्हणाल्या, "हा दोष तुमच्या घराण्यात आहे. सोनालीमध्येही हा दोष असू शकतो. म्हणून तिचं रक्त तपासायला पाहिजे. कळलं का?"

आमच्या भावकीतले एक म्हातारे, सगळा गाव ज्यांना मामाजी म्हणतो, ते म्हणाले, "म्हंजी पोरगी खराब हाय म्हणा की."

"खराब नाही हो. ती नुसती वाहक..."

"तेच ते."

दादाने माझ्याकडे बघितलं. "शोभा, हे सांगायला आणलंस व्हय मॅडमला?"

चार पुरुषांसमोर मी कधी बोललेली नाही. पण मॅडम एकट्या उभ्या होत्या, हातात कोळसा. मी म्हणाले, "हो दादा. मीच आणलं. त्यांचं काही न्हाई त्यात." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. दाराआड सोनाली चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तो ट्रे बाहेर आलाच नाही.

परतताना जीपमध्ये मॅडम म्हणाल्या, "मी काही चुकीचं सांगितलं का?"

"न्हाई मॅडम."

"मग ते असे का उठले?"

"नारळ ठेवला होता मॅडम. त्यांना वाटलं आपण सुपारी फोडायला आलो."

त्यांनी हात तोंडावर ठेवला. सेलू येईपर्यंत तो खाली आला नाही.

व्हायचं ते झालं. ओसरीवरची गोष्ट ओसरीवर राहत नाही. पाथरीच्या बाजारात, जीपमध्ये, दळणाच्या रांगेत, सगळीकडे एकच, की अमक्याच्या पोरीचं रक्त खराब आहे, कॉलेजच्या बाईने लिहून दिलंय. सोनालीला आधी दोन-तीन स्थळं विचारून गेली होती, ती आता नुसती हसून बाजूने जायला लागली. धनंजयशी होवो न होवो, ती पोर आता कुठेच उजवली जाणार नाही, अशी वेळ आली. वहिनीने मला फोन केला. ओरडली नाही. म्हणाली, "ताई, तुमची पोरगी पदराखाली झाकलीत, आमची धडधाकट उघड्यावर आणलीत." मी मॅडमना हे सांगणार नव्हते, पण त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं आणि शब्द न् शब्द काढून घेतला.

त्यानंतर मॅडम डबक्याकडे जाईनात. सूक्ष्मदर्शकावरचा टॉवेल निघेना. वांगीवालीने हाक मारली तरी मान खाली घालून पुढे जायच्या. एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "मी जन्मभर पोरांना सांगितलं की आधी बघा. आणि मी त्या ओसरीवर बसलेली माणसं बघितली नाहीत गं. मला वर्ग दिसला." पुढे म्हणाल्या, "आणि ती पोरगी दाराआड होती. तिच्या रक्ताबद्दल मी तिच्या मागे बोलले. माझ्याबद्दल लोक माझ्या मागे काय काय बोलायचे ते मला ठाऊक आहे. मला ते ठाऊक असून."

त्यांना मी अशी कधी पाहिली नव्हती. माझी लाज मला ओळखीची होती, ती पदराखाली राहणारी, भिंतीला धरून चालणारी. मॅडमची लाज तशी नव्हती. ती त्यांना घरात बसू देईना.

"मला परत जायचंय तिथे," एक दिवस म्हणाल्या.

"राहू द्या मॅडम. दादा तोंड बघणार न्हाई आपलं."

"त्यांनी बघायलाच पाहिजे असं नाही."

गेलो. दादाने आम्हाला पायरीवरच थांबवलं. बस म्हणाला नाही. मॅडम म्हणाल्या, "त्या दिवशी जे बसले होते त्यांना बोलवाल का?"

"पुन्यांदा तमाशा कशाला?"

"आज माझाच करायचाय."

दादा गेला नाही, पण गावात बोलवायला लागतच नाही. माणसं आपोआप जमली. मॅडम पायरीवरच उभ्या राहिल्या. डोक्यावर ऊन होतं. म्हणाल्या, "त्या दिवशी मी दोष हा शब्द वापरला. तो शब्द माझा होता, पोरीचा नाही. अशी एखादी अधू गोष्ट प्रत्येकात असते. माझ्यात आहे. तुमच्यात आहे. कलेक्टरमध्ये आहे. आपल्याला ती कळत नाही, कारण दुसरी बाजू धड असते. सोनाली तुमच्या-माझ्यासारखीच आहे. मी नीट बोलले नाही, आणि नको तिथे बोलले. तिची आणि तुमची माफी मागते."

हात जोडले. एवढी शिकलेली बाई, त्यात आमच्या गावात, त्या ओसरीसमोर. मला वर बघवेना.

मामाजी काठी टेकत पुढे आले. "आमच्यात बी हाय म्हणता अधू? माझी कोणती ते तपासा मग."

आतून वहिनी म्हणाली, "मामाजी, तुमची जीभ तपासाया द्या आधी. समदा गाव तीच फिरली."

दोघंतिघं हसले. दादा हसला नाही, पण त्याने खाट पुढे सरकवली. मॅडम बसल्या नाहीत. "येते," म्हणाल्या.

जीपच्या फाट्यापर्यंत सोनाली आमच्या मागून आली. म्हणाली, "मॅडम, माझं रक्त घ्या. मलाच बघायचंय."

"आई-बापाला सांगून ये. आणि जे निघेल ते मी तुझ्या एकटीच्या हातात देईन."

तसंच झालं. वहिनीला घेऊन ती सेलूला आली, आणि कागद आल्यावर मॅडमनी तिला आत बसवून दार लोटून घेतलं. मला काही सांगितलं नाही. सोनालीनेच बाहेर येऊन सांगितलं, "आत्या, माझ्याकडं बी एक हाय. धनंजयचं आन् माझं न्हाई जमायचं." मी तिला जवळ घेतलं. दादाचा आणि माझा फोन अगदी थोडक्यात झाला. "मग राहू दे," तो म्हणाला. "राहू दे, दादा," मी म्हणाले. धनंजय बरेच दिवस खाली मान घालून जेवायचा. त्याच्याशी त्यावर काय बोलावं हे मला आजही सुचलेलं नाही.

पण सोनालीचं नाव अजून लोकांच्या तोंडात होतं. मॅडमची माफी गावाने ऐकली, गावाबाहेर मात्र आधीचीच गोष्ट पोचली होती. नंतर येलदरीकडचं एक स्थळ आलं, नात्यातलं नाही, शेतीवाडी बरी. पण त्यांच्याही कानावर गेलंच. मुलाची आई आणि मुलाचा मामा कुणाला न सांगता थेट मॅडमच्या घरी येऊन बसले. मी तेव्हा पीठ मळत होते.

बाई चांगली होती, घाबरलेली होती. म्हणाली, "मॅडम, आमाला खरं तेवढं सांगा. पोरगी चांगली हाय का न्हाई? तुमी सांगाल तसं करू."

मला वाटलं, सुटलं. मॅडमना एक वाक्य तर बोलायचं होतं. नात्याबाहेर लग्न केलं तर त्यांच्या लेकरांना हा धोका जवळजवळ नाही, हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं होतं. माझा हात पिठात थांबला. मॅडमचे ओठ उघडले आणि मिटले.

"तिच्या रक्ताबद्दल मी तिला विचारल्याशिवाय बोलणार नाही," त्या म्हणाल्या.

मामा बहिणीकडे बघून म्हणाला, "म्हंजी काहीतरी हाय. चल ऊठ."

बाई उठायला लागली. मी मॅडमकडे डोळ्यांनी विनवत होते, की बोला, आता तरी बोला, ही दाराबाहेर गेली की संपलं. त्यांनी फोन घेतला, नंबर लावला.

"सोनाली, मी शांता मॅडम. येलदरीचे पाहुणे बसलेत माझ्याकडे. तुझं विचारायलेत. मी सांगू का तू सांगतेस?"

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. मॅडमनी फोन त्या बाईच्या हातात दिला. "तीच सांगते म्हणते. निवांत बोला. मला विचारायचं उरलं तर नंतर विचारा." आणि स्वतःच्या घरातून उठून बाहेर गेल्या.

सोनाली आता येलदरीकडे नांदते. बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी गेले तेव्हा मॅडमच्या घराला अजून कुलूपच होतं. येलदरीचे पाहुणे येऊन गेल्याच्या दुसऱ्याच सकाळी त्या नांदेडला भावाकडे गेल्या होत्या आणि तिथेच झोपेत वारल्या. मला नंतर कळलं. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पाहुणे आले त्याच दिवशी, अंगणात.

पिठाचे हात घेऊन मी त्यांच्या मागे बाहेर आले. त्या दाराकडे पाठ करून उभ्या होत्या, वर्गाबाहेर काढलेल्या पोरीसारख्या, हात पुढे बांधून. आतून त्या बाईचा आवाज येत होता.

"तुला ऐकू येतंय का आतलं?" मॅडमनी मागे न बघता विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. मला एखाद-दुसरा शब्द येत होता.

मॅडम आणखी थोड्या पुढे सरकल्या, फाटकाजवळ, जिथे काहीच ऐकू येत नाही. डोळ्यांवर ऊन येत होतं, तरी त्या वळल्या नाहीत. आत ती बाई म्हणत होती, "हं. बोल बाई. ऐकायले मी."